धावलेल्या गाड्या

(दृश्य: जुन्या शर्यतींची कृष्णधवल छायाचित्रं.)

1990 साली लंडनच्या उच्च न्यायालयात एका गाडीवरून खटला उभा राहिला. गाडी बेंटली, तिचं नाव ‘ओल्ड नंबर वन’. 1929 आणि 1930, लागोपाठ दोन वर्षं तिने ले मान्सची चोवीस तासांची शर्यत मारलेली. सौदा ठरला होता एक कोटी पौंडांना. मग घेणारे मागे हटले. त्यांचं म्हणणं होतं, ही ती गाडीच नाही.

त्यांच्या शंकेला आधार होता. शर्यतीत राबणाऱ्या गाडीचं इंजिन बदलतं, अ‍ॅक्सल बदलतात, वेळ आली तर चासी म्हणजे खालचा सांगाडासुद्धा बदलतो. 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर याच गाडीला भीषण अपघात झाला. चालक क्लाइव्ह डनफी त्यात गेला. गाडी पुन्हा उभी केली ती वेगळ्याच रूपात. 1929 ला धावलेल्या लोखंडापैकी तिच्यात जवळपास काहीच उरलेलं नव्हतं. तरीही न्यायमूर्तींनी निकाल दिला की ही तीच गाडी आहे, कारण तिचा इतिहास मध्ये कुठे तुटलेला नाही.

मला हा निकाल पटतो. शर्यतीची गाडी हॉटेलच्या पोर्चमध्ये उभी करायला बांधलेली नसते. मोडणं आणि दुरुस्त होणं हेच तिचं आयुष्य. पण या निकालाला एक अट चिकटलेली आहे. कुठला भाग कधी निघाला, कुठला बसला, कोणी बसवला, हे सांगता आलं पाहिजे. ते सांगता आलं नाही, तर उरतो फक्त जुन्या आकाराचा नवा पत्रा.

(दृश्य: निळी रेसिंग कूपे, म्हणजे दोन दारांची बंदिस्त छताची गाडी, चारही बाजूंनी.)

अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉ. फ्रेडरिक सिमिओन नावाचे न्यूरोसर्जन होते. आयुष्यभर त्यांनी शर्यतीत धावलेल्या स्पोर्ट्स कार जमवल्या आणि 2008 मध्ये त्यांचं संग्रहालय लोकांसाठी उघडलं. 2022 मध्ये ते गेले. त्यांच्या संग्रहात 1964 ची एक शेल्बी कोब्रा डेटोना कूपे आहे. अशा फक्त सहा बांधल्या गेल्या, त्यातली ही पहिली. 1965 मध्ये बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तिने वेगाचे विक्रम केले. पुढे काय झालं? ती संगीत निर्माते फिल स्पेक्टर यांच्याकडे आली, त्यांच्याकडून त्यांच्या अंगरक्षकाकडे गेली हजार डॉलरला, आणि मग जवळजवळ तीस वर्षं कॅलिफोर्नियातल्या भाड्याच्या गोदामात बंद पडून राहिली.

हजार डॉलर! शर्यती संपल्या की ही गाडी म्हणजे कालबाह्य हत्यार. तिला सीट धड नाही, डिकी नाही, आवाजाने कान किटतात. घरच्यांना ती अडगळच वाटणार.

2001 मध्ये गाडी डॉ. सिमिओन यांच्याकडे आली. तिला घासूनपुसून नवी नवरी करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. 2014 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत पहिलं नाव लागलं ते हिचं. लेझरने मोजमाप घेतलं, फोटो काढले, इतिहास लिहिला, आणि ते सगळं दप्तर लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवलं. ऐतिहासिक वास्तूचं ठेवतात तसं, एका गाडीचं.

आपल्याकडे गाडी जपली म्हणजे डेंटिंग-पेंटिंग करून चकाचक केली, असा समज अजून पक्का आहे. नवा रंग मारणं सोपं असतं, खालचा जुना थर गेला की मात्र तो कुठल्याच पैशाने परत येत नाही. जगातल्या मोठ्या प्रदर्शनांनाही हे उशिरा उमगलं. कॅलिफोर्नियात पेबल बीचला भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या प्रसिद्ध स्पर्धेत 2024 मध्ये पहिल्यांदाच नूतनीकरण न केलेली, जशी आहे तशी राखलेली गाडी सर्वोत्तम ठरली. 1934 ची बुगाटी टाइप 59 होती ती.

(दृश्य: स्टुटगार्टचं पोर्शे संग्रहालय. काचेमागे काम करणारे मेकॅनिक.)

कधीकधी मात्र थर काढावाच लागतो. पोर्शेची 917 ही गाडी 1969 ची. 1970 मध्ये हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवूड यांनी 917 मधूनच पोर्शेला ले मान्सचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. कंपनीने मग काय केलं, तर अगदी पहिली बांधलेली 917, क्रमांक 001, जिंकलेल्या गाडीसारखी लाल-पांढरी रंगवून प्रदर्शनात ठेवली. वर्षानुवर्षं लोकांनी तिला तशीच पाहिली. 2019 मध्ये, पन्नास वर्षं पूर्ण होताना, तिला मूळच्या पांढऱ्या-हिरव्या रूपात परत आणलं. म्हणजे संग्रहालयात दिसणारं सगळं अस्सलच असतं असं नाही, आणि त्या संग्रहालयाने ते उघडपणे सांगितलं, हे मला मोलाचं वाटतं.

याच 917 ची एक करामत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ नळ्यांचा. त्या नळ्यांमध्ये दाबाखाली वायू भरलेला असे. कुठे वेल्डिंगचा टाका उकलला, बारीक तडा गेला, की दाब उतरायचा आणि गेजवर कळायचं. ताशी तीनशेच्या वर पळणाऱ्या गाडीची नाडी अशी पाहिली जायची.

(दृश्य: मिरज, सतारमेकर गल्ली. तानपुऱ्याच्या घोडीवर कानस फिरते आहे.)

आता प्रश्न असा, की या गाड्या चालवायच्या की नुसत्या ठेवायच्या? मिरजेच्या माणसाला याचं उत्तर सोपं जाईल. तानपुरा वाजत राहिला की तारांखाली घोडीचा पृष्ठभाग झिजतो, मग कारागीर कानशीने पुन्हा जवारी काढतो, म्हणजे सूर घुमावा म्हणून घोडीचा पृष्ठभाग नीट करतो. प्रत्येक वेळी घोडी कणभर कमी होते. जवारी काढलीच नाही तर घोडी शाबूत राहते, पण तानपुरा बोलत नाही.

गाडीचंही तसंच. पोर्शेच्या संग्रहालयातल्या गाड्या बाहेर काढून रस्त्यावर आणि ट्रॅकवर पळवल्या जातात. सिमिओन संग्रहालयात ठरलेल्या शनिवारी दोन-तीन गाड्या मागच्या पटांगणात फिरवतात, लोकांना आवाज ऐकवतात. इंजिन फिरलं नाही तर सील सुकतात, ब्रेकच्या तेलात ओलावा शिरतो, सिलिंडरला गंज धरतो. आणि फिरवलं तर झीज होते. जुन्या रेसिंग इंजिनांत चक्क एरंडेल घालत. प्रचंड उष्णतेतही ते वंगण टिकवतं, पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. पण तेच एरंडेल आत राहून गेलं तर चिकट राळ होते, म्हणून गाडी फिरवून आणली की तेल उपसून टाकायचं. ज्याला हे माहीत नाही, त्याच्या हातात कोट्यवधींची गाडी दिली तरी दोन हंगामांत इंजिन जाम होईल.

(दृश्य: सांगलीजवळची कुपवाड एमआयडीसी. एका फाउंड्रीचं, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्याचं दार.)

इथे आम्ही मुद्दाम आमच्या सांगलीत परतलो. कारण जपणुकीतलं सगळ्यात अवघड काम काचेच्या पेटीत होत नाही, ते अशा शेडमध्ये होतं.

त्या काळच्या गाड्यांचे गिअरबॉक्स, चाकं, कव्हरं बऱ्याचदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असत. वजनाला हलकी, पण दमट हवेत पोखरत जाणारी. असा भाग हातात आला की आधी तडा शोधायचा. त्यासाठीची डीपी (डाय पेनिट्रंट), म्हणजे रंगीत द्रवाने तडा दाखवणारी टेस्ट कुपवाडच्या कुठल्याही तपासणी विभागात रोज होते. भाग स्वच्छ धुऊन लाल द्रव फवारतात. तो मुरायला काही मिनिटं देतात. मग पुसून कोरडा करतात, वर पांढरी पावडर मारतात. पाहता पाहता पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. डोळ्याला मघाशी तिथे काहीही दिसत नव्हतं.

तडा दुरुस्त होण्यातला नसेल तर नवा भाग ओतायचा. कंपनी बंद, ड्रॉइंग हरवलेलं, हातात फक्त मोडका नमुना. नवख्याला वाटतं, हाच वाळूत दाबून साचा काढू. तसं केलं की भाग बारका येतो, कारण धातू थंड होताना आकसतो. अ‍ॅल्युमिनियम साधारण 1.3 टक्के, म्हणजे फूटभर लांबीच्या कव्हरात जवळजवळ चार मिलिमीटर. एवढ्या फरकाने एकही बोल्ट भोकात बसणार नाही. म्हणून पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, करणाऱ्याकडे वेगळी पट्टी असते, जिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर आकसण्याच्या हिशोबाने किंचित मोठा. शिवाय जिथे नंतर मशिनिंग होणार तिथे जास्तीची जाडी, पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून कडांना हलकासा उतार. आज स्कॅनरने माप घेऊन वाळूचा साचा थेट छापताही येतो. तरी धातू कुठून घालायचा, हवा कुठून काढायची, हे ठरवायला भट्टीपाशी उभा राहिलेला माणूसच लागतो.

हे ज्ञान इथे आभाळातून पडलेलं नाही. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली. तिथे किर्लोस्करवाडी वसली, लोखंडी नांगर ओतले जाऊ लागले. तिकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याचे नांगर निघाले. त्याच पंतांनी पुढे औंधच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं, जिथे आजही ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प पाहायला मिळतं. फाउंड्री आणि संग्रहालय, दोन्हींची कदर एकाच माणसाला होती. आपल्याला ती दोन वेगळी खाती का वाटावीत?

(दृश्य: शोलावरम, चेन्नईजवळची जुनी धावपट्टी.)

भारतातही शर्यतीच्या गाड्या धावल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट आणि हेराल्ड गाड्या पळाल्या. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती गाड्या बांधल्या. आपली संग्रहालयं मात्र राजेरजवाड्यांच्या गाड्यांत रमली. अहमदाबादजवळ कठवाड्याचा संग्रह पाहावा, डोळे दिपतात. कोल्हापूरला दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा गर्दी लोटते. ते वैभव राहावंच. पण घरच्या अंगणात छत कापून, पिस्टन बदलून, शर्यतीसाठी तयार केलेली फियाट हीसुद्धा इतिहासाची वस्तू आहे, आणि तिला कोणी वाली नाही.

2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. चांगली सोय आहे. पण ती सोय कागदपत्रं असलेल्या, रस्त्यावरच्या गाडीसाठी. निव्वळ ट्रॅकसाठी बांधलेल्या गाडीचा दाखला कुठे शोधायचा?

एक उदाहरण इथलंच, कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याचं. तिथल्या एका कारागिराने भंगारातल्या सुट्या भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. 2022 च्या जानेवारीत महिंद्रा कंपनीने त्याला बोलेरो देऊन ती गाडी स्वतःच्या संशोधन केंद्रातल्या संग्रहासाठी घेतली. ती शर्यतीची गाडी नव्हे, तरी मला ती इथे सांगावीशी वाटली. ती टिकली, कारण कोणीतरी वेळेवर ‘ही ठेवा’ म्हणालं.

(दृश्य: फाउंड्रीचा माळा. धुळीने माखलेले लाकडी पॅटर्न.)

कुपवाड, पलूस, सातारा इथल्या अनेक शेडच्या माळ्यावर जुने सागवानी पॅटर्न पडून आहेत. ऑर्डर बंद झाली की ते जळणात जातात. जाळण्याआधी एक काम करा. भागाचं नाव, कुठल्या यंत्राचा, कोणी केला, साल कोणतं, एवढं कार्डावर लिहून बांधा आणि फोटो काढा. घरात शर्यतीचा जुना फोटो असेल तर मागे मऊ पेन्सिलीने चालकाचं आणि मेकॅनिकचं नाव लिहा. बॉलपेन नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. गोठ्यामागे शर्यतीतली गाडी उभी असेल तर रंगाच्या दुकानात जाण्याआधी बॉनेटखालचे आकडे, दारावरचा पुसट क्रमांक, ठिगळं, सगळं टिपून घ्या. आणि ती ज्याने बांधली तो मिस्त्री अजून हयात असेल, तर या रविवारीच त्याच्याकडे जाऊन बसा, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून.