अकरा खिडक्या, पहिली कोणती?

(दृश्य: वीज उपकेंद्राचा नियंत्रण कक्ष. अलार्मचं पॅनल. हूटरचा मूळ आवाज राहू द्यावा.)

हूटर वाजतोय आणि अकरा खिडक्या, म्हणजे एकेका अलार्मचे दिवे, एकदम लुकलुकतायत. ऑपरेटरने ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबलं. आवाज थांबला, खिडक्या स्थिर पेटल्या. ‘रीसेट’ला त्याने अजून हात लावलेला नाही, आधी तो कोणकोणत्या खिडक्या पेटल्या आणि कोणत्या रिलेचा, म्हणजे दोष ओळखणाऱ्या उपकरणाचा, फ्लॅग (खुणेची पट्टी) पडला ते लिहून घेतोय. जुन्या पॅनलवर घाईने रीसेट केलं की पुरावाच पुसला जातो.

पण या अकरांत पहिली कोणती? काही पॅनलांत पहिल्या अलार्मची खिडकी वेगळ्या लयीत लुकलुकते. या पॅनलात ती सोय नाही.

(दृश्य: यार्ड. ब्रेकर उघडताना, संथ गतीत.)

ब्रेकर, म्हणजे लाइनची वीज तोडणारा मोठा स्विच, संथ करून दाखवावा लागतोय. रिले दोष ओळखतो, ब्रेकर उघडवणाऱ्या ट्रिप कॉइलला हुकूम जातो, स्प्रिंग सुटते, काँटॅक्ट दूर होतात आणि त्यांच्यामधला आर्क, म्हणजे विजेची ज्योत, एसएफ६ वायूत विझतो. सगळं साधारण शंभर मिलिसेकंदांच्या आत, पापणी लवेपर्यंत.

(दृश्य: गॅसचा घनतामापक, जवळून.)

हाच तो वायू. त्याची घनता घटू लागली की आधी नुसता अलार्म येतो: गॅस भरा. तरीही घटत राहिली तर लॉकआउट. मग ट्रिपचा हुकूम आला तरी ब्रेकर हलत नाही आणि त्याच बसवरचे, म्हणजे लाइन जिथे जोडलेल्या असतात त्या सामाईक वाहकावरचे, बाकीचे ब्रेकर उघडावे लागतात. म्हणजे पहिला अलार्म हा कामाचा निरोप असतो. तो ‘अ‍ॅक्सेप्ट’ करून शिफ्ट संपवणं ही सवय आम्हाला धोक्याची वाटते.

(दृश्य: संगणकावर घटनांची नोंद, ओळी सरकताना.)

आता ही नोंद बघा. प्रत्येक ओळीत तास, मिनिट, सेकंद आणि त्यापुढे तीन आकडे, मिलिसेकंदांचे. रिले पिकअप, म्हणजे रिलेला दोष जाणवला. 20 मिलिसेकंदांनी ट्रिपचा हुकूम. ब्रेकरला तीन फेजचे तीन पोल: आर, वाय, बी. आणखी 38 मिलिसेकंदांनी आर आणि वाय पोल उघडले. बी पोल त्यांच्यामागून 14 मिलिसेकंदांनी. तिन्ही पोल उघडण्यातला फरक सायकलच्या एक षष्ठांशापेक्षा, म्हणजे 50 हर्ट्झला सुमारे 3.3 मिलिसेकंदांपेक्षा, जास्त नसावा. खिडकीवर ‘ब्रेकर ट्रिप’ एवढंच आलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

मधल्या या शेकडो ओळी? एका पॅनलच्या दाराचा स्विच सैल आहे. थरथरला की एक ओळ, पुन्हा थरथरला की आणखी एक. बी पोलची ओळ याच गर्दीत दडली होती. असा स्विच दुरुस्त करायला कितीसा वेळ लागतो!

(दृश्य: छप्पर. जीपीएसचा अँटेना.)

छपरावरचा हा अँटेना सहज नजरेआड होतो. रिले आणि नोंद करणारी यंत्रं यांची घड्याळं त्याच्यामुळे जुळतात. दोन उपकेंद्रांची घड्याळं वेगवेगळी धावत असतील, तर कोणती लाइन आधी गेली हे नुसत्या नोंदींवरून ठरवता येत नाही.

14 ऑगस्ट 2003 ला ओहायोतल्या एका नियंत्रण कक्षात दुपारी सव्वादोनच्या सुमारास अलार्मची प्रणालीच मुकी झाली. ऑपरेटरांना ते बराच वेळ कळलं नाही, आणि चारनंतर अमेरिका-कॅनडातल्या सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. पुढे चौकशी पथकाला हजारो नोंदींच्या वेळा एकमेकींशी जुळवत बसावं लागलं, कारण अनेक ठिकाणची घड्याळं जुळलेली नव्हती.

(दृश्य: ब्रेकरपाशी तंत्रज्ञ. टायमिंग किटच्या वायर जोडताना.)

बी पोलकडे परत. उशीर खरंच पोलचा आहे, की स्थिती कळवणारा ऑक्झिलरी काँटॅक्टच मागे पडतोय? नोंदीवरून हे सांगता येणार नाही. म्हणून लाइन बंद करून, अर्थिंग करून हे किट जोडलंय. ते मुख्य काँटॅक्टचीच वेळ मोजेल, तिन्ही पोलांची एकदम.