जिना कुठे घ्यायचा? येरवड्यातली २७० फुटांची घरं

नमस्कार मंडळी! खडूनं आखलेली ही चौकट बघा. १५ फूट बाय १८ फूट, म्हणजे २७० चौरस फूट. पुण्यात येरवड्याच्या नेताजी नगर, मदर तेरेसा नगर अशा वस्त्यांमध्ये एका कुटुंबासाठी एवढं घर बांधायचं होतं. शहरांसाठीच्या केंद्र सरकारच्या जेएनएनयूआरएम योजनेतून घरामागे ३ लाखांपर्यंत खर्च धरलेला, त्यात १० टक्के वाटा कुटुंबाचा.

(अर्धी चौकट पुसत) पण बऱ्याच जणांकडे एवढी जागाच नव्हती. समजा, १३५ फूटच आहे. मग दोन मजले चढवायचे. आणि जिना? तो आत घेतला, की मोरी-ओट्याची जागा गेली!

जिन्याकडे येतेच, पण त्याआधी एक सांगते, कारण मला हे काम इथेच फार मोलाचं वाटतं. सगळी वस्ती पाडून एकसारख्या इमारती उठवल्या नाहीत. पक्की घरं जागेवर राहिली. कच्ची तेवढी उतरवून तिथेच नवी बांधली. बांधकाम होईतो बाहेर राहायचा त्रास होताच, पण कामधंदा, शाळा, शेजार सुटला नाही. आणि जी भिंत धड आहे ती पाडलीच नाही, तर राडारोडा नाही, नवं सिमेंटही नाही.

वस्त्यांमध्ये काम करणारी 'स्पार्क' संस्था आणि महिला मिलन या वस्त्यांमधल्या बायकांच्या संघटनेच्या बायका कुटुंबांशी बोलत होत्या, आर्किटेक्ट प्रसन्न देसाईंची टीम नकाशे करत होती. फिलिपे बालेस्त्रा आणि सारा योरान्सन या आर्किटेक्ट जोडीनं घराचे तीन नमुने सुचवले होते. एकात तळमजला मोकळा, दुकानाला किंवा गाडीला. एकात मधला मजला रिकामा, जमेल तेव्हा भरायचा. मला आवडतो तो तिसरा: घर दोन मजली, पण सांगाडा तीन मजल्यांचं वजन पेलणारा. उद्या मुलाचं लग्न ठरलं, की वर खोली चढवा, पायाला हात लावायला नको.

आता जिना. काही शेजाऱ्यांनी आपापल्या जागा एकत्र केल्या. (शेजारी दुसरी चौकट आखत) दोन घरं, जिना एकच. पण तो झाडणार कोण? रात्री उशिरा येणाऱ्याच्या पावलांनी कुणाची झोप मोडणार? हे आर्किटेक्टला एकट्यानं टेबलावर ठरवता येत नाही. दोन्ही घरच्यांना समोरासमोर बसावंच लागतं.

हा बघा, मधोमध ३ फुटांचा जिना. आणि दोन्हीकडच्या मोऱ्या याच्या अंगाला घेतल्या, तर सांडपाण्याचा पाइपही एकच पुरतो.