पोटाचा एक्स-रे आणि शिशाची जाळी

नमस्कार श्रोतेहो. छातीचा एक्स-रे त्यातल्या त्यात सोपा. फुप्फुसांत हवा, बाजूला हाडं, दोन्ही वेगळी उठून दिसतात. पोटात यकृत, मूत्रपिंडं, स्नायू, आतडी सगळं जवळजवळ एकाच घनतेचं. फरक मुळातच थोडा, आणि तोही किरण विखुरले की पुसला जातो. हे विखुरणं ध्यानात ठेवा.

जाडजूड पोटातून किरण निघाले की फिल्मवर सरळ पोचणारे थोडे आणि आत आपटून भलतीकडे फाकलेले त्यांच्या कितीतरी पट. सगळ्या फिल्मवर राखाडी धुकं पसरतं. 1913 साली बर्लिनमधले डॉक्टर गुस्ताव बकी यांनी यावर उपाय काढला. रुग्ण आणि फिल्म यांच्यामध्ये त्यांनी शिशाच्या पट्ट्यांची उभी-आडवी जाळी बसवली. सरळ आलेला किरण फटीतून पार, तिरका आलेला शिशात अडकला. धुकं विरलं, पण जाळीच फिल्मवर उमटली! पोटभर चौकटी. एखादा मूतखडा नेमका रेघेखाली गेला तर? तेव्हा शिकागोचे डॉक्टर हॉलिस पॉटर यांनी पट्ट्या एकाच दिशेनं लावल्या आणि एक्स-रे चालू असताना ती जाळी पट्ट्यांना आडवी सरकवत ठेवली. रेघा गायब, आणि फिल्म स्वच्छ. 1920 मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्ध केलं, आणि आज तुम्ही ज्या टेबलावर झोपता त्याच्या पोटात तीच युक्ती बसवलेली असते. टेक्निशियन सहकाऱ्याला ‘बकीवर घे’ म्हणतो तेव्हा तो याच डॉक्टरांचं नाव घेत असतो. हे बकी पुढं न्यूयॉर्कला गेले, आइन्स्टाइनचे स्नेही होते, आणि 1936 मध्ये दोघांच्या नावावर आपोआप उजेड जुळवून घेणाऱ्या कॅमेऱ्याचं पेटंट झालं. डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसले की काय होतं बघा! आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांत ही दोन माणसं एकमेकांना फार कमी भेटतात, आणि मला ते मनापासून खटकतं.

तर, जाळी. जाळी चुकली की फिल्म चुकली. वॉर्डात मोबाइल मशीन नेऊन मऊ गादीवर जाळी लावलेली फिल्मची प्लेट ठेवली की रुग्णाच्या वजनानं ती कलते, पट्ट्या सरळ किरणांनाही अडवतात आणि फिल्म फिकी येते. मग किरण वाढवून पुन्हा काढतात. रुग्णाच्या अंगावर फुकट मारा. त्यापेक्षा खाली टणक फळी सरकवा, प्लेट सपाट करा. जाळी उलटी बसली तर मधला पट्टा काळा आणि दोन्ही कडा पांढऱ्या. अशी फिल्म दिसली की आधी जाळी पाहा, मशीन नंतर.

चांगली फिल्म कशी ओळखायची? आडवं झोपवून काढलेल्या फिल्मवर खाली दोन्ही जांघांच्या मधलं हाड (जघनास्थी) पूर्ण आलं पाहिजे, दोन्ही बाजूंच्या पोटाच्या कडा आल्या पाहिजेत. कण्याच्या दोन्ही बाजूंना तिरक्या उतरणाऱ्या स्नायूंची कड आणि मूत्रपिंडांची बाह्यरेषा दिसली पाहिजे. दोन्ही कटिफलकं, म्हणजे कमरेची पसरट हाडं, सारखी दिसली तर माणूस वळलेला नाही. आतड्यातल्या गॅसची कड धूसर असेल तर श्वास थांबला नव्हता. श्वास सोडून थांबायचं, घेऊन नाही. घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा खाली येऊन सगळं दाबतो. ‘सोडा... थांबा’ ही सूचना रुग्णाच्या भाषेत, बटण दाबण्याआधी एकदा सराव करून द्यावी. उभं करून काढायचा असेल तर किमान पाच, जमल्यास दहा मिनिटं उभं राहू द्यावं, म्हणजे गॅस वर चढतो. उभ्या फिल्मवर पडदा आलाच पाहिजे. उभं राहता येत नसेल तर डाव्या कुशीवर.

आता तुमच्यासाठी. कंबरेचा चांदीचा करगोटा, ताईत, पट्टा, खिशातली नाणी, परकराच्या नाडीची जाड गाठ, हे सगळं फिल्मवर दिसतं. गाठीचा ठिपका खड्यासारखा दिसू शकतो. बाहेर काढून ठेवायला सांगितलं तर संकोच करू नका.

आणि मशीन चालवणाऱ्यांसाठी, डिजिटल मशीनची एक गोम. किरण जास्त पडले तरी चित्र छानच दिसतं, म्हणून डोस हळूहळू चढत जातो. त्यावर विचलन-अंक येतो, म्हणजे ठरलेल्यापेक्षा किरण किती कमी-जास्त पडले ते: शून्य म्हणजे बरोबर, अधिक तीन म्हणजे दुप्पट, उणे तीन म्हणजे निम्मा. तो प्रत्येक फिल्मला बघायचा. आणि बिघडलेली फिल्म गुपचूप खोडून टाकायची नाही; कारण लिहून ठेवायचं: हलली, कापली गेली, जाळी, दागिना. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं अशा नाकारलेल्या फिल्मचं लक्ष्य 8 टक्के सुचवलं आहे, 10 टक्क्यांवर गेलं की शोध घ्या म्हणते. महिन्याचं रजिस्टर उघडून कुठलं कारण सर्वांत वर आहे ते पाहा. पहिला हात तिथंच घाला.