कासवाला पैसे द्यायचेत? मग एका कासवाच्या नावानं देऊ नका!

नमस्कार मंडळी. कोकणातल्या वेळासच्या कासवांचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून कमेंटमध्ये एकच विचारायलेत: "दादा, जखमी कासवांसाठी पैसे कसे पाठवायचे?" त्याच्याच खाली एका भावानं लिहिलंय, "लातूरला २०१६ ला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अन् तुम्ही समुद्रातल्या कासवाचं काय घेऊन बसलात?" भाऊ, तुमचा राग कळतो. आमच्या गल्लीतही उन्हाळ्यात टँकरच येतो. पण ज्यांना द्यायचंय त्यांनी विचारलंय, म्हणून सांगतो. तुमच्या खिशात कोणी हात घालत नाही.

सुरुवातीचं पटकन उरकतो. कासव जाळ्यात अडकतं, दोरानं पाय कापतो, प्लास्टिक पोटात जातं, मग किनाऱ्याला लागतं. आपल्याकडं डहाणूला वन खात्याच्या साथीनं उपचार केंद्र चालतं. परदेशात हेच काम मोठी मत्स्यालयं करतात. झालं.

आता मुद्द्याचं. तुम्ही सगळे विचारता ती 'दत्तक योजना'. पैसे भरा, एका कासवाचा फोटो आणि प्रमाणपत्र मिळवा. (एकानं विचारलंय, "दत्तक घेतल्यावर घरी आणता येतं का? शेतात हौद आहे." नाही हो! १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल.) योजना वाईट नाही. पण "माझा पैसा ह्याच कासवाला लागला पाहिजे" हा जो हट्ट असतो ना, तो सोडा.

कामून? आपल्या गावच्या सप्त्यात बघा. बुंदीची पंगत माझ्याकडून, पुरीची माझ्याकडून, नाव द्यायला नुसती झुंबड. गॅसच्या टाक्या आणि भांडी घासणाऱ्या बायांची मजुरी कोण घेतं अंगावर? ते माईकवर पुकारत नाहीत ना! कासवाच्या दवाखान्यातही खरा खर्च तिथंच आहे. रात्रंदिवस चालणारे पंप, गाळण, खारं पाणी, एक्स-रे, मासळी, डॉक्टरचा पगार.

अमेरिकेत बोस्टनजवळ केप कॉड आहे. जमीन गळासारखी वाकलेली. हिवाळा लागला की केम्प्स रिडली जातीची पिल्लं त्या वाकणात अडकतात, पाणी १० अंशांच्या खाली गेलं की गारठून किनाऱ्याला येतात. स्वयंसेवक थंडीत किनारा धुंडाळतात आणि त्यांना केळीच्या खोक्यात घालून न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियमच्या दवाखान्यात पोचवतात. तिथं एकदम ऊब देत नाहीत, रोज थोडं थोडं तापमान वाढवतात. बरेचदा न्यूमोनिया असतो, महिनोन्‌महिने उपचार. जागा कमी पडली की खाजगी पायलट आपल्या छोट्या विमानांतून कासवं दुसऱ्या मत्स्यालयांत नेऊन सोडतात. विमानाच्या तेलाला दान! त्या तेलाचा फोटो कोण भिंतीला लावणार?

दुसऱ्या बाजूनं बघा. तुमचं कासव बरं होऊन समुद्रात गेलं, किंवा मेलं. मरतातही, खोटं कशाला बोलू. मग त्याच्या नावानं बांधून दिलेला पैसा कुठं वापरायचा? शेजारच्या टाकीतलं कासव उपाशी आणि हिशोबात पैसा पडून. ह्याला काय अर्थ आहे?

आणि तिसरं, तुमचं प्रेम जनावराला नडतं. कॅलिफोर्नियातलं माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम १९८४ साली उघडलं, पॅकार्ड कुटुंबाच्या पैशातून. तिथं समुद्री पाणमांजराची (सी ऑटर) अनाथ पिल्लं सांभाळताना माणसं अंगावर काळा झगा आणि तोंडावर वेल्डिंगवाल्यासारखा मुखवटा घालतात. पिल्लाला माणसाची सवय लागू नये म्हणून. पुढं मत्स्यालयातलीच मादी त्याला आई होऊन वाढवते, शिंपला फोडायला शिकवते. आता सांगा, तिथं जाऊन "मी देणगीदार, मला कडेवर घेऊन फोटो पाहिजे" म्हणायचं का?

इमारतीला नाव द्यायला माणसं मिळतात. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं, देणगीदाराच्याच नावाचं. चांगलंच झालं. पण इमारत उभी राहिल्यावर वीजबिल दर महिन्याला येतं, आणि ते भरायला कोणी पाटी मागत नाही.

म्हणून फॉर्मवर 'कशासाठी' असा रकाना असला तर लिहा: जिथं गरज असेल तिथं. एकदाच पाच हजार देण्यापेक्षा दर महिन्याला थोडे द्या, पगार महिन्यालाच होतात. रोख दोन हजारांच्या वर दिले तर करसवलत मिळत नाही. परदेशी मत्स्यालयाला परस्पर पाठवलेल्या पैशावर तर नाहीच नाही. सीए मंडळी, कमेंटमध्ये भांडू नका, जुन्या करप्रणालीचंच बोलायलोय.

अजून एक. "कोळ्यांमुळंच कासवं मरतात" असं लिहिणाऱ्यांनो, जाळं कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं, २०१८ पासून. जाळं किती महाग असतं ते आधी विचारा, मग शिव्या द्या.

पैठणहून एका पोरानं विचारलंय, कालव्यात कासव सापडलं तर काय करायचं? वन खात्याचा १९२६ नंबर लाव. तोवर सावलीत ठेव, पोरं गोळा करू नको, आणि रील तर अजिबात काढू नको. गोदावरीच्या कासवांवर वेगळा व्हिडिओ करतो, प्रश्न खाली टाका.