सोलापूरचे बारा कधी वाजतात?

(दृश्य: शाळेचं पटांगण. मधोमध रोवलेली एक मीटरची काठी.)

सोलापूर, पूर्व भाग. जानेवारीचा मध्य, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस. भिंतीपलीकडे यंत्रमागांची खडखड चालूच आहे.

चौथीच्या मुलांनी आधी वर्गात सावलीची चित्रं काढली. बहुतेकांनी सावलीला डोळे काढलेत. एकीनं तर टिकलीसुद्धा लावलीय! बाईंनी काही खोडलं नाही, सगळ्यांना उन्हात नेलं. प्रकाश अडला की मागे उरतो तो फक्त आकार. नाक-डोळे शोधूनही सापडेनात.

मग टॉर्च. चादरीनं उजेड अडवला, काचेनं जाऊ दिला. गंमत केली शेंगाचटणीच्या पुडीच्या कागदानं. कोरडा भाग काळपट, तेलाचा डाग मात्र उजळ. कागदाच्या तंतूंमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो. त्या फटींत तेल शिरलं, की बराचसा पार जातो. ‘अर्धपारदर्शक’ ही व्याख्या आता पाठ करायला नको.

खरा वाद पेटला तो काठीवरून. दर थोड्या वेळानं सावलीच्या टोकाशी खडूची खूण. बारा वाजता सावली सर्वांत लहान, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. बाराला ती भरली साधारण ८३ सेंटिमीटर. आणि त्यानंतरही आखूडच होत गेली! साडेबारा उलटल्यावर ८१च्या आसपास थांबली.

“बाई, घड्याळ पुढं आहे!”

घड्याळ बरोबर आहे, पण ते सोलापूरचं नाही. भारताची प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, तिकडे मिर्झापूरजवळ. सोलापूर ७६ अंशांच्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या माथ्यावरची रेषा सुमारे २६ मिनिटं उशिरा ओलांडतो. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळे जानेवारीच्या मध्यावर आणखी नऊएक मिनिटांची भर पडते. हा दुसरा भाग चौथीला जड आहे. बाईंनी तो सोडून दिला, बरंच केलं.

पुढचा प्रश्न मुलांचाच. सावली नाहीशी कधी होणार?

सोलापुरात दोनदा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला. तेव्हा शाळा भरलेली असते, पण आभाळही.

दोघी-तिघी म्हणतात, आम्ही मेमध्येच येणार. काठी शिपाईमामांकडे ठेवायचं ठरलंय.