जितातला व्यापार: ईव्ह ऑनलाइनच्या बाजारात पहिलं पाऊल

(दृश्य: अंतराळस्थानकाच्या दारातून एकामागून एक बाहेर पडणारी जहाजं. लहान, मोठी, काही डोंगराएवढी.)

हे जिता, गेममधली एक सूर्यमाला. तिचा चौथा ग्रह, त्याचा चौथा चंद्र आणि तिथलं कालदारी नौदलाचं स्थानक. खेळाडू त्याला नुसतं 'फोर-फोर' म्हणतात. ईव्ह ऑनलाइन या गेममध्ये पाच हजारांहून अधिक सूर्यमाला आहेत, पण मूठभर दारूगोळा घ्यायचा असो की महाकाय मालवाहू जहाज, माणसं इथेच येतात. बाजार इथे भरावा असं गेम बनवणाऱ्यांनी ठरवलेलं नव्हतं. सुरुवातीच्या काळात युलाई नावाच्या सूर्यमालेत उलाढाल व्हायची, कारण लांब पल्ल्याचे रस्ते तिथून जायचे. कंपनीनं रस्ते बदलले, युलाईची रया गेली आणि गर्दी जिताकडे सरकली. विकणारे जास्त म्हणून घेणारे आले, घेणारे आले म्हणून आणखी विकणारे आले. खऱ्या जगातली बाजारपेठही अशीच वसते, आणि इथे तर ती वसताना लोकांनी डोळ्यांदेखत पाहिली.

ईव्ह सुरू झाली ६ मे २००३ रोजी. बनवणारी कंपनी सीसीपी, आइसलँडच्या रेक्याविक शहरातली. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला, तर जगभरचे खेळाडू ट्रँक्विलिटी नावाच्या एकाच सर्व्हरवर खेळतात. म्हणजे बाजारही एकच. नाशिकच्या खेळाडूनं विकायला लावलेला माल नॉर्वेतला माणूस उचलतो आणि दोघांना एकमेकांचं खरं नावही माहीत नसतं.

(दृश्य: बाजाराचा पडदा. डावीकडे मालाची यादी, उजवीकडे वर विक्रीचे भाव, खाली खरेदीचे.)

हा पडदा नीट बघा. बहुतेक गेममध्ये दुकानदार हा संगणकच असतो आणि भाव ठरलेला. इथे मूळ ब्लूप्रिंट (माल बनवायचे आराखडे), कौशल्यांची पुस्तकं आणि अशा काही मोजक्या वस्तू सोडल्या, तर जवळजवळ सगळं खेळाडूंनी बनवलेलं किंवा मिळवलेलं असतं. कुणीतरी लघुग्रहातून खनिज काढलं, कुणी गाळलं, कुणी त्याचं जहाज केलं, कुणी ते वाहून आणलं. प्रत्येक ओळीमागे एक माणूस बसलाय. ही अर्थव्यवस्था इतकी खरी वाटू लागली, की २००७ मध्ये सीसीपीनं एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाला नोकरीवर घेतलं. महागाई, चलनाचा पुरवठा, मालाचं उत्पादन यांचे अहवाल ते काढत. पुढे २०१४ मध्ये ते अकुरेरी विद्यापीठाचे प्रमुख झाले. कंपनी अजूनही दर महिन्याचा आर्थिक अहवाल काढते. व्यापार करायचा असेल तर तो वाचायलाच हवा.

पण एवढा माल जातो कुठे?

तो नष्ट होतो. ईव्हमध्ये जहाज फुटलं की फुटलं, परत मिळत नाही. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर फाइव्ह आर-बी नावाच्या सूर्यमालेत खेळाडूंच्या दोन मोठ्या आघाड्या भिडल्या. सूर्यमालेवरच्या ताब्याचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही, एवढंच निमित्त. जवळजवळ अख्खा दिवस चाललेल्या त्या लढाईत ७५ टायटन जहाजं गेली. टायटन म्हणजे गेममधलं सगळ्यात मोठं जहाज, एकेक बांधायला आठवडेच्या आठवडे लागतात. बातम्या झाल्या त्या शौर्याच्या आणि गद्दारीच्या. कारखानदारांनी मात्र त्याच रात्री खनिजांचे भाव बघायला घेतले असणार, कारण जे जळलं ते कुणालातरी पुन्हा बांधायचं होतं. लढणारा जहाज गमावतो म्हणून बनवणाऱ्याला काम आहे. हे ज्याला उमगलं, त्याला या गेममध्ये व्यापार करणं कधी कंटाळवाणं वाटत नाही.

(दृश्य: व्हेंचर जहाज, खडकांचा पट्टा, निळसर किरण.)

नवा खेळाडू बहुतेक इथून सुरुवात करतो. व्हेंचर हे खाणकामाचं छोटं जहाज, कच्च्या धातूसाठी पाच हजार घनमीटरची जागा असलेलं. सुरुवातीला हाती लागतो व्हेल्डस्पार, सगळ्यात साधा खडक. तो गाळला की ट्रिटेनियम मिळतं, आणि ट्रिटेनियम लागत नाही असं जहाज शोधूनही सापडणार नाही.

महाराष्ट्रातून खेळणाऱ्याला इथे एक फायदा आहे. सर्व्हर रोज जागतिक प्रमाणवेळेनुसार सकाळी ११ वाजता थोडा वेळ बंद होतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की खडकांचे पट्टे भरलेले असतात. युरोप तेव्हा कामावर असतो, अमेरिकेत तर नुकतं उजाडत असतं. म्हणजे आपली संध्याकाळ ही भरल्या पट्ट्यांची आणि कमी गर्दीची वेळ.

आता खाणकामातल्या सगळ्यात मोठ्या गैरसमजाबद्दल. 'खनिज मी स्वतः काढलंय, म्हणजे मला ते फुकट पडलं.' हा हिशेब ईव्हमध्ये इतक्या लोकांनी केलाय, की जुने खेळाडू नवख्याला पहिल्यांदा यावरूनच टोकतात. समजा, तुमच्याकडच्या खनिजाला जितात १० लाख इस्क, म्हणजे गेममधलं चलन, मिळतात. त्याच खनिजाचं तुम्ही जहाज बनवलं आणि साडेनऊ लाखांना विकलं. साडेनऊ लाख कमावले असं वाटतं, पण प्रत्यक्षात पन्नास हजार घालवले. वर कारखान्याचं भाडं आणि तुमचा वेळ. घरच्या शेतातली ज्वारी असली म्हणून भाकरी ज्वारीच्या भावापेक्षा स्वस्त विकायची नसते, तसंच हे. खाणकाम करणारा आणि बनवणारा ही एकाच माणसाची दोन दुकानं आहेत असं समजा. दुसऱ्या दुकानानं पहिल्याकडून बाजारभावानंच माल घ्यायचा. तरच कळेल की कमाई कुठल्या दुकानात होते.

(दृश्य: ब्लूप्रिंटची खिडकी. त्यात दोन आकडे, एक साहित्याच्या बचतीचा, एक वेळेच्या.)

बनवायचं म्हटलं की ब्लूप्रिंट लागतं. मूळ ब्लूप्रिंट विकत घेतलं की त्यातून हव्या तितक्या वेळा माल काढता येतो. नक्कल स्वस्त पडते, पण तिच्यातून ठरावीक वेळाच माल निघतो. मूळ ब्लूप्रिंटवर संशोधन करता येतं, आणि साहित्याची बचत जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत नेता येते. हे दहा टक्के किरकोळ वाटतात. पण ज्या मालात सगळ्यांचा नफा पाच-सहा टक्क्यांवर येऊन ठेपलाय, तिथे संशोधन न केलेल्या ब्लूप्रिंटवर काम करणारा पहिल्या नगापासून तोट्यात असतो. वरच्या पायऱ्यांना वेळही खूप लागतो. म्हणून पहिलं ब्लूप्रिंट स्वस्त मालाचं घ्यावं, ते संशोधनाला लावावं आणि तोवर बाजार वाचावा. माझ्या मते पहिला माल म्हणजे दारूगोळा. तो रोज खपतो, जागा कमी खातो, आणि एका लढाईत हजारोंनी संपतो.

कारखाना कुठे लावायचा, हाही प्रश्न आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात सीसीपीनं उद्योगाची सगळी रचना बदलली. तेव्हापासून ज्या सूर्यमालेत कामं जास्त, तिथे काम लावण्याची फी जास्त. म्हणून जिताच्या शेजारी कारखाना थाटण्याचा मोह टाळावा. चार उड्या (एका सूर्यमालेच्या वेशीतून दुसरीत जाणं म्हणजे एक उडी) लांब गेलात तर वाहतूक थोडी वाढेल, पण फी लक्षणीय कमी होईल.

ज्यांना खाणही नको आणि कारखानाही नको, त्यांच्यासाठी निव्वळ खरेदी-विक्री आहे. स्थानकातून बाहेरही न पडता. खरेदीची ऑर्डर लावायची, माल येऊ द्यायचा, आणि तोच चढ्या भावानं विकायला ठेवायचा. ऐकायला सोपं. दलाली आणि विक्रीकर मध्ये आले की चित्र बदलतं. समजा, एक वस्तू तुम्ही १ लाखाला घेतलीत आणि १ लाख २० हजारांना विकलीत. दलाली ३ टक्के आणि विक्रीकर ७ टक्के धरू. हे दर कंपनी अधूनमधून बदलते, म्हणून हे आकडे फक्त हिशेबापुरते. घेताना दलाली ३ हजार, विकताना ३ हजार ६००, कर ८ हजार ४००. वीस हजारांच्या फरकातले पंधरा हजार गेले. हातात राहिले पाच हजार. ब्रोकर रिलेशन्स आणि अकाउंटिंग ही कौशल्यं शिकलात तर हे दर उतरतात. म्हणून व्यापाऱ्यानं बाकी सगळं मागे ठेवून आधी हीच शिकावीत.

पूर्वी व्यापारी एकमेकांच्या भावाखाली इस्कच्या शंभराव्या हिश्श्यानं उतरायचे, दिवसभर, दर पाच मिनिटांनी. २०२० मध्ये भावात चारच सार्थ अंक (पहिले चार, पुढे शून्यं) ठेवायचा नियम आला, आणि भाव बदलण्याची फीही वाढली. आता खाली उतरायचं तर खरंच उतरावं लागतं. हा बदल मला फार न्याय्य वाटतो. नोकरी करून रात्री दोन तास खेळणारा माणूस आता दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्याच्या बरोबरीनं धंदा करू शकतो.

(दृश्य: वेशीसमोर थांबलेलं मालवाहू जहाज. अंगावर येणारी छोटी विनाशिका जहाजं. मग पोलीस.)

आता वाहतूक. सुरक्षित म्हटलेल्या अवकाशातही तुमच्यावर हल्ला होऊ शकतो. कॉनकॉर्ड हे तिथलं पोलीसदल हल्लेखोराला नक्की मारतं, पण गुन्हा घडल्यावर. लुटारू आधी तुमच्या जहाजातला माल यंत्रानं तपासतात. जहाज फुटलं की साधारण निम्मा माल शाबूत राहतो. त्या निम्म्याची किंमत त्यांच्या गमवायच्या जहाजांपेक्षा जास्त असली, की तुम्ही त्यांचं गिऱ्हाईक. त्यांच्यात राग-लोभ नसतो, गणित असतं. तेच गणित तुम्ही निघण्यापूर्वी करा आणि माल दोन खेपांत वाटा. नाहीतर तारण ठेवायला लावून दुसऱ्या खेळाडूकडे वाहतुकीचं कंत्राट द्या. माल हरवला तर तारण तुमचं. आणि जहाज आपोआप चालायला लावून चहा करायला उठू नका.

रस्ता म्हणजे काय चीज आहे हे नियार्जानं दाखवलं. जिता आणि अमार या दोन मोठ्या बाजारांमधला नऊ उड्यांचा रस्ता या सूर्यमालेतून जायचा. २०२० मध्ये ट्रिग्लाव्हियन नावाच्या शत्रूंच्या आक्रमणाच्या, गेममधल्या कथेत खेळाडूंच्या लढाईतूनच नियार्जा पडली आणि सुरक्षित अवकाशातून बाहेर गेली. सुरक्षित रस्ता एकदम चाळीसहून अधिक उड्यांचा झाला. ज्यांनी रस्ता तुटण्याआधीच अमारमध्ये माल भरून ठेवला होता, त्यांनी बातमी वाचून व्यापार केला. बाकीच्यांनी नंतर भाव बघितले.

भांडवलाचं थोडक्यात. नोव्हेंबर २०१६ पासून गेम फुकट खेळता येतो, फक्त कौशल्यांवर मर्यादा असते, आणि दारूगोळा बनवून विकायला ती आड येत नाही. पुढे वर्गणी हवी असेल तर ती भरायला चालणारी प्लेक्स नावाची वस्तू बाजारातून इस्क देऊनही घेता येते. खिशातल्या रुपयांनी परस्पर इस्क विकत घेणं हा मात्र नियमभंग आहे, त्यानं खातं जाऊ शकतं.

(दृश्य: किलबोर्डची यादी. एकेक फुटलेलं जहाज, त्यावरची शस्त्रं, दारूगोळा, वेळ, ठिकाण.)

आणि ही यादी. फुटलेल्या जहाजांची जाहीर नोंद, कुणालाही बघता येते. लढणारे ती फुशारकीसाठी वाचतात, व्यापाऱ्यानं मागणीसाठी वाचावी. जितापासून पंधरा-वीस उड्यांवरचा, रोज चकमकी होणारा एखादा भाग निवडा. गेल्या आठवड्यात तिथे कुठली जहाजं सगळ्यात जास्त गेली, त्यांवर कुठल्या तोफा होत्या, त्यांत कुठला गोळा भरला होता, हे कागदावर उतरवा. मग जवळच्या स्थानकाचा बाजार उघडा. तो गोळा तिथे नसेल, किंवा जिताच्या दीडपट-दुप्पट भावानं एकट्याच विक्रेत्याकडे असेल, तर जागा सापडली. लढाईतून परतलेला माणूस दोन इस्क वाचवायला पंधरा उड्या मारत नाही. एक खेप भरा, भाव त्या विक्रेत्याच्या थोडा खाली ठेवा, आणि ऑर्डरची मुदत पूर्ण नव्वद दिवसांची लावा.