बॅकअप आहे हो, पण परत येतो का?

सुरुवातीला एक विचारतो. धंद्याच्या डेटाचा बॅकअप कितीजण घेता? वा, बरेच हात आहेत. आता गेल्या सहा महिन्यांत त्या बॅकअपमधून एखादी तरी फाइल परत आणून, उघडून बघितली असेल त्यांनीच हात वर ठेवा. बघा, बोटांवर मोजता येतील एवढेच उरले. आज मला बोलायचंय ते खाली गेलेल्या हातांबद्दल.

गिटलॅब ही लोकांच्या सॉफ्टवेअरचा कोड सांभाळणारी कंपनी. म्हणजे डेटा जपणं हाच तिचा धंदा. 31 जानेवारी 2017 ला रात्री उशिरापर्यंत एक इंजिनिअर डेटाबेसच्या बिघाडाशी झुंजत होता. दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर पुसायचं होतं, कमांड गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने ती थांबवलीही. तोवर सुमारे 300 जीबींपैकी 4.5 जीबी शिल्लक.

आता तुम्ही म्हणाल, बॅकअप असेलच ना! होते की. प्रती काढायच्या पाच निरनिराळ्या सोयी होत्या, आणि त्या रात्री एकही नीट कामाला आली नाही. रोजचा बॅकअप काढणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता, म्हणून तो दररोज अर्ध्यावर बंद पडायचा. तसा इशारा देणारी ईमेलही निघायची, पण ती वाटेतच नाकारली जात होती. क्लाउडवर जिथे प्रती साठायला हव्या होत्या, तिथे काहीच नव्हतं. शेवटी उपयोगी पडली ती सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने काढलेली प्रत. तेवढ्या तासांचं काम गेलं ते गेलंच. एक मात्र मानायला हवं, त्यांनी हे सगळं लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना तिचं थेट प्रक्षेपणही केलं. इतका मोकळेपणा मी फार कमी ठिकाणी पाहिलाय.

दुसरी गोष्ट मर्स्कची. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस या जहाज कंपनीच्या यंत्रणेत शिरला. कोणता कर्मचारी कुठे प्रवेश करू शकतो याची नोंदवही सांभाळणारे त्यांचे सुमारे 150 सर्व्हर होते आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक पडला तर बाकीचे आहेतच, हा हिशेब. व्हायरसने सगळेच पुसले. फक्त घानातला एक सुटला, कारण नेमकी तिथली वीज गेली होती! जोडलेलाच नव्हता म्हणून वाचला.

तुमच्याकडची बाहेरची हार्ड डिस्क आठवा. कॉम्प्युटरला चोवीस तास लावलेली असते की नाही? मग खंडणी मागणारा व्हायरस आला तर बिलांच्या फाइल्सबरोबर तीही कुलूपबंद करणार. आपोआप जुळणाऱ्या क्लाउड फोल्डरचंही तेच. तुम्ही चुकून फाइल पुसलीत की तिकडची प्रतही पुसली जाते. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात हे आधी बघून ठेवा. एकच डेटा अनेक डिस्कवर ठेवणाऱ्या ‘रेड’ यंत्रणेचं तर विचारूच नका. डिस्क जळाली तर ती यंत्रणा काम थांबू देत नाही, पण चुकून पुसलेलं तीही तितक्याच इमानदारीने पुसते.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम पुष्कळांनी ऐकला असेल. तो रुळवण्याचं श्रेय पीटर क्रोग या छायाचित्रकाराला देतात. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांना ‘दुसरी जागा’ या शब्दांचा अर्थ कळला.

करायचं काय, तर महिन्यातून एक दिवस ठरवा. तीन आठवड्यांपूर्वीचं कुठलंही एक बिल निवडा आणि ते बॅकअपमधून दुसऱ्याच कॉम्प्युटरवर आणा, नेहमीच्या नको. गंमत तिथेच कळते. बॅकअपला पासवर्ड आहे, पण तो लिहिलेली फाइल जुन्या मशीनवरच आहे. किंवा फाइल आली, पण ती उघडणारं सॉफ्टवेअर त्या आवृत्तीचं नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर चालू असतानाच कुणी त्याची फाइल कॉपी केली असेल तर अर्ध्या नोंदी जुन्या आणि अर्ध्या नव्या निघतात. एरवी हे सगळं नेमकं नको त्या दिवशी समजलं असतं.

हे करताना घड्याळही लावा. 100 एमबीपीएसच्या इंटरनेट जोडणीवरून एक टीबी, म्हणजे सुमारे हजार जीबी, उतरवायला, वेग पूर्णवेळ टिकला तरी, 22 तास लागतात. तेवढा वेळ तुमचा धंदा कागदावर चालेल का, हे मालकाने ठरवायचं, कॉम्प्युटरवाल्याने नाही.

मागून प्रश्न आलाय, ‘पेन ड्राइव्ह चालेल का?’ इकडून तिकडे न्यायला चालेल. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला नको, वीज न मिळता पडून राहिला की त्यातला डेटा हळूहळू खराब होऊ शकतो. आणि तो तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असेल, तर आधी एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला वाचता येणार नाही असा करा.